जावा २५० चा क्रँक घरी बांधायचा आहे : प्रेस कुठे, सरळ कसा करायचा?

भुईंजची जावा

नमस्कार मंडळी,

आमच्या आण्णांची १९६९ सालची जावा २५० आहे, म्हैसूरच्या आयडियल जावाची, मरून रंगाची. आण्णा प्राथमिक शिक्षक होते. वाईच्या पश्चिमेकडच्या ज्या ज्या शाळांवर त्यांची बदली झाली तिथे ही गाडी गेली. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी ती गोठ्याच्या पडवीत लावली आणि वर गोणपाट टाकलं. गेल्या वर्षी आण्णा गेले. गोणपाट मी उचललं ते यंदा उन्हाळ्यात.

टाकीतला गंज काढला, कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले. चौथ्या किकला चालू झाली. पण आवाज! नुसती चालू असताना थोडाच, रेस दिली की खालून ठकठक ठकठक. हेड आणि सिलिंडर उतरवला, पिस्टन काढला, सगळं पेट्रोलने धुतलं आणि कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर ओढला. बोटाला ‘टक्’ असं स्पष्ट लागतं. रॉडचं वरचं टोक डावीकडे-उजवीकडे थोडं झुलतं ते चालतं असं कळलं, पण हा प्ले वर-खाली आहे. म्हणजे बिग एंड (रॉडच्या खालच्या टोकाचं बेरिंग) गेलाय.

क्रँकचा चेंबर उघडला तर आत वेगळंच दिसलं. क्रँकपिनच्या (दोन्ही फ्लायव्हीलच्या भोकांत दाबून बसवलेली, त्यांना जोडणारी पिन) दोन्ही तोंडांना वेल्डिंगचे टाके आहेत, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार. नव्वदच्या सुमारास आण्णांनी एका गॅरेजात फुल इंजिन करून घेतलं होतं. त्यांच्या हिशोबाच्या वहीत ‘क्रँक काम’ असं लिहून रक्कम टाकलीय आणि पुढच्या महिन्यात त्याच पानावर पेन्सिलने ‘आवाज राहिलाच’. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात बसलंय की हे काम आता नीटच करायचं आणि शक्य तेवढं स्वतःच्या हाताने.

मी मोटार रिवाइंडिंग करतो. विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी रोज उघडतो, त्यामुळे बेरिंग काढणं-बसवणं, पुलर, व्हर्नियर ह्यांची सवय आहे. लेथ नाही, मोठा प्रेस नाही. दहा टनी बॉटल जॅक आहे आणि चॅनेल वेल्ड करून चौकट करता येईल. कनेक्टिंग रॉड, पिन, रोलर, स्मॉल एंड (रॉडच्या वरच्या टोकाचा) बुश असं किट मिळालंय.

विचारायचं असं :
दहा टनी जॅकवर हा क्रँक उघडेल का? टाके कसे काढू? आणि दाबून झाल्यावर दोन्ही फ्लायव्हील एका रेषेत आणायची म्हणजे नेमकं काय करायचं? व्हिडिओत हातोडीने ठोकताना दिसतात, पण कुठे ठोकायचं हे कसं ठरवतात ते कुणीच सांगत नाही.

---

उद्यमनगरचा टर्नर

भावा, आधी वहीतल्या त्या ओळीबद्दल. तुझ्या आण्णांना आवाज राहिलेला कळला होता, म्हणजे कान चांगला होता. टाके घालणाऱ्याला पिन ढिली झालेली कळली होती, पण भोक मोजायचं आणि ओव्हरसाइज पिन करायची त्याची तयारी नव्हती. टाका मारला की पिन फिरत नाही हे खरं. पण तापलेली पिन थंड होताना ओढ घेते आणि क्रँक तिथेच वाकडा होतो. आवाज राहणारच की.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर काढली. राजदूत, जावा, येझदी, बुलेट, सगळ्यांचे क्रँक दाबले. माझं एकच सांगणं आहे : दाबायचं काम प्रेसवाल्याला दे, माप मात्र स्वतःकडे ठेव. दहा टनी जॅक आणि चॅनेलच्या चौकटीवर पिन हलायची नाही, चौकट ताणेल. आणि हलली तर एकदम सुटेल आणि तिरकी सुटेल. भोक ओरखडलं की फ्लायव्हील गेलं. जुनं फ्लायव्हील आता सहज मिळत नाही.

क्रँक उघडण्याआधी घरी बसून एवढं कर. दोन्ही फ्लायव्हीलच्या बाहेरच्या अंगाची एकूण रुंदी व्हर्नियरने चार ठिकाणी घे आणि लिही. रॉड आणि फ्लायव्हील यांच्यातली फट फीलर गेजने घे. दोन्ही कडांवरून एक आडवी रेघ कोरून ठेव. डावं कुठलं, उजवं कुठलं याची खूण कर. ही चार मापं नसली तर प्रेसवाला नव्या पिनेवर अंदाजाने थांबतो. मग क्रँक चेंबरमध्ये घासतो नाहीतर सैल बसतो.

टाके काढायला डाय ग्राइंडर आणि छोटा दगड घे. मोठा ग्राइंडर लावू नकोस, हात सटकला तर फ्लायव्हीलचं तोंड खाल्लं जाईल. टाका हळूहळू खाली आण. मध्ये थांबून कापडाने पूस. एका क्षणी पिनेची बारीक गोल रेघ दिसायला लागते, केसाएवढी. ती पूर्ण गोल दिसली की थांब. टाका शिल्लक ठेवून पिन ढकलली तर टाक्याचा तुकडा भोकातून रंध्यासारखा ओढत जातो.

पिन निघाली की भोक बोअर गेजने मोज, नवी पिन मायक्रोमीटरने मोज. आम्ही पिनेपेक्षा भोक पाच ते सात शतांश मिलिमीटर लहान ठेवत होतो. तुझ्या भोकात त्यापेक्षा कमी पकड निघाली तर भोक होन करून ओव्हरसाइज पिन ग्राइंड करून घे. तिथे पैसे वाचवू नकोस. पिन मऊ सँडपेपरने घासून ‘बसवणारे’ लोक आहेत, त्यांच्याकडे जाऊ नकोस. आणि फ्लायव्हील गॅसने तापवायला दिलंस तर मी परत उत्तर देणार नाही.

दाबताना आधी एका फ्लायव्हीलमध्ये पिन काटकोनात. मग रोलर, रॉड. मग दुसरं फ्लायव्हील ठेवून पिनेपासून नव्वद अंशांवर दोन्ही कडांना सरळ पट्टी लाव. थोडं दाब, पट्टी लाव, परत थोडं दाब. पकड थोडी असते तोवरच फ्लायव्हील हाताने वळतं, नंतर हातोडीशिवाय नाही. तुझ्या लिहिलेल्या रुंदीला थांब.

आता कुठे ठोकायचं ते. लेथच्या दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांमध्ये) क्रँक धर. दोन्ही बाजूंच्या शाफ्टवर, फ्लायव्हीलला लागून, एकेक डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं) लाव. हाताने हळू फिरव.

एक काटा चढताना दुसरा उतरत असेल आणि ते पिनेपासून नव्वद अंशांवर होत असेल, तर फ्लायव्हील एकमेकांना पिळलेली आहेत. क्रँक सेंटरमधून काढ, हातात धर, आणि ज्या बाजूचा काटा चढला त्या फ्लायव्हीलच्या कडेवर, चढलेल्या जागीच, तांब्याच्या हातोडीने एक ठोका.

दोन्ही काटे एकदम चढत असतील आणि ते पिनेच्या बाजूला होत असेल, तर पिनेसमोरच्या, म्हणजे पिनेच्या विरुद्ध, अंगाला फ्लायव्हील जवळ आलीत. तिथे पाचर घालून उघड. दोन्ही काटे पिनेच्या विरुद्ध बाजूला चढत असतील तर तिथे फाकलीत, व्हाइसमध्ये दाब.

पिळ आधी काढायचा, फाक नंतर. दोन्ही एकदम काढायला गेलास तर रात्र होईल.

---

मापनवाली, पिंपरी

उद्यमनगरच्या काकांनी सांगितलेला नियम अगदी बरोबर आहे, पण एक गोष्ट जोडते, कारण ह्याच जागी बरेच जण फसतात. मी एका टूलरूममध्ये मापनाचं काम करते. माझ्या मिस्टरांच्या येझदीचा क्रँक आम्ही दोघांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सरळ केला होता.

पहिलं : सेंटरमध्ये धरायचं तर शाफ्टच्या टोकांची सेंटर होलं (सेंटरचं टोक बसायची भोकं) शाबूत हवीत. भुईंजच्या दादा, तुमच्या क्रँकला कुणीतरी आधी हातोडीचा प्रसाद दिलेला असण्याची शक्यता मोठी आहे. भिंगाने बघा. होलाच्या कडेला चपटी जागा असेल तर सेंटर तिथे तिरकं बसतं आणि गेज जे दाखवतं ते क्रँकचं नसतं, होलाचं असतं.

होल खराब असेल तर दोन्ही शाफ्टवर नवी मेन बेरिंग घालून ती दोन सारख्या उंचीच्या व्ही ब्लॉकवर (V आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर) ठेवा आणि डायल शाफ्टच्या बाहेरच्या टोकांना लावा. पण मग काकांचा नियम उलटा होतो. सेंटरमध्ये टोकं धरलेली असतात आणि मधला भाग भरकटतो. व्ही ब्लॉकवर मधला भाग धरलेला असतो आणि टोकं भरकटतात. त्यामुळे व्ही ब्लॉकवर दोन्ही काटे पिनेच्या बाजूला *उतरले* तर पिनेसमोर फ्लायव्हील जवळ आलीत असं समजायचं. पिळ असेल तर ज्या बाजूचा काटा जिथे उतरतो तिथे त्या फ्लायव्हीलवर ठोका. हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. आम्ही पहिल्या दिवशी नेमकं हेच विसरलो आणि प्रत्येक ठोक्याला काटा वाढत गेला.

दुसरं : काट्याची एकूण हालचाल ०.०४ मिमी असेल तर शाफ्ट मध्यापासून ०.०२ ने सरकलेला असतो. लोक एकमेकांना आकडे सांगतात, पण एकूण हालचाल की मध्यापासूनचं अंतर हे सांगत नाहीत. तुम्ही कायम काट्याची एकूण हालचालच लिहा आणि ती ०.०३ च्या आत आणा.

ओट्यावर चुंबकाचा स्टँड चिकटत नाही हे आम्हाला तिथेच कळलं. ग्रॅनाइटवर दहा मिमी जाडीची लोखंडी प्लेट ठेवली, व्ही ब्लॉक आणि स्टँड दोन्ही तिच्यावर. फ्लायव्हीलच्या कडेवर मार्करने घड्याळाचे बारा आकडे घाला, पिनेपाशी बारा. म्हणजे ‘डावा, तीनला, वजा अकरा’ (शतांश मिमी) असं लिहिता येतं. एक वाचतो, एक लिहितो. एकट्याने करू नका.

---

फोंड्याची येझदी

बांधून झाल्यावरची गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

माझा क्रँक ०.०२ वर आला होता. आनंदात होतो. चेंबरच्या अर्ध्या भागात बेरिंग बसवलं, क्रँक वर ठेवला, आत जाईना म्हणून शाफ्टच्या टोकावर लाकडी ठोकळा धरून हातोडी मारली. बसला. गाडी चालू झाली, दोनेकशे किलोमीटर गोड चालली. मग डायनामोचे ब्रश ठिणग्या टाकायला लागले. जावा-येझदीत डायनामोचा फिरणारा भाग, आर्मेचर, क्रँकच्या उजव्या टोकावरच असतं, टोक नाचलं की ब्रश नाचतात. पाठोपाठ डावीकडचं सील गेलं. मागून पांढरा धूर आणि गिअरबॉक्सचं ऑइल रोज कमी. इंजिन ते ऑइल सीलमधून ओढून जाळत होतं. परत उघडून मोजलं तर ०.१८. माझ्याच त्या हातोडीने फ्लायव्हील पिनेसमोर मिटवली होती.

दुसऱ्या खेपेला चेंबर विजेच्या शेगडीवर तापवला. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला की पुरे. बेरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये. नुसतं ठेवलं आणि ‘टप्’ करून बसलं, बोटाने दाबावंही लागलं नाही. मग क्रँकचा शाफ्ट थंड करून, बेरिंगची आतली रिंग गरम असतानाच खाली सोडला. फ्लायव्हीलच्या मध्ये पिनेसमोर सागवानी पाचर घालून ठेवली होती, म्हणजे चुकून ठोका बसला तरी मिटू नयेत.

आणि आमच्याकडच्या हवेत रोलरला घामाचं बोट लागलं तरी दोन दिवसांत बोटाचा ठसा गंजून उमटतो. पावसाळ्यात काम करणार असाल तर प्रत्येक भाग टू-टी ऑइल लावून प्लास्टिकमध्ये ठेवा.

---

भुईंजची जावा

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. तीन आठवडे ह्यातच होतो.

टाके काढायला दोन संध्याकाळी गेल्या. काका, ती केसाएवढी गोल रेघ दिसली तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवली. डाव्या बाजूला ती पूर्ण गोल होती. उजव्या बाजूला एका जागी पिनेचं तोंडच वितळून फ्लायव्हीलमध्ये मिसळलं होतं, तिथे अर्धा मिलिमीटर खोल जावं लागलं.

क्रँक पोत्यात गुंडाळून एसटीने कोल्हापूरला गेलो. प्रेसवाल्याने चार मापं लिहिलेला कागद बघितला आणि खिशात न ठेवता प्रेसच्या खांबाला चिकटवला. पिन सुटताना बंदुकीसारखा आवाज झाला. डावं भोक चांगलं निघालं. उजव्यात पकड फक्त दोन शतांश शिल्लक होती. किटमधली पिन परत ठेवून दिली आणि उजव्या टोकाला जास्त व्यास ठेवून नवी पिन करून घेतली. त्यासाठी आठ दिवस थांबलो, पुन्हा एक फेरी झाली.

ताई, सेंटर होल तुम्ही म्हणालात तसंच निघालं. उजव्या टोकाला हातोडीचा चपटा मार स्पष्ट दिसतो. म्हणून व्ही ब्लॉक. ओट्यावर आईने परवानगी दिली नाही, मी रिवाइंडिंगच्या टेबलावर प्लेट टाकली. मुलगी नववीत आहे, ती लिहायला बसली. तिच्या वहीचं पहिलं पान असं आहे :

डावा : तीनला –१९, नऊला +१६
उजवा : तीनला +१४, नऊला –१५

म्हणजे डाव्याची एकूण हालचाल ०.३५. दोन्ही काटे उलटे चालत होते, म्हणजे पिळ. डावा तीनला उतरत होता, म्हणून डाव्या फ्लायव्हीलवर तीनला ठोकायचं. पहिला ठोका मी घाबरत मारला, काहीच झालं नाही. दुसरा मनगटातून मारला तर ०.३५ चे ०.१२ झाले. तिसऱ्याला ०.०९. चौथा जोरात पडला आणि बाजू बदलली, तीनला अधिक आणि नऊला उणे. मग नऊला अगदी हलका. त्या दिवशी ०.०५ वर थांबलो, कारण हात थकला की ठोका मोठा पडतो हे लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजलं, तेवढंच होतं. आता दोन्ही काटे बाराला एकदम उतरत होते, म्हणजे पिनेसमोर, सहाला, फ्लायव्हील जवळ आलेली. सागवानी पाचर घालून एकच ठोका, सोडला, मोजला. शेवटची ओळ मुलीने लाल पेनाने लिहिलीय : डावा ०.०२, उजवा ०.०३.

बेरिंग फोंड्याच्या पद्धतीने. शेगडी, फ्रीजर, पाचर, सगळं. चेंबर बंद करून उजव्या टोकाला परत गेज लावलं, ०.०३ च आहे. स्मॉल एंड बुश रीमरने मापाला आणून घेतला, गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) ऑइल लावून अंगठ्याने सरकते. दोन्ही सील नवी.

रॉड वर ओढून बघितला. टक् नाही.

उद्या इंजिन चासीवर चढवतोय. रनिंगला पेट्रोलमध्ये ऑइल किती घालू?

---

उद्यमनगरचा टर्नर

पेट्रोलच्या पहिल्या काही टाक्या भरताना लिटरला पन्नास मिली, एकाला वीस. पाचशे किलोमीटर झाले की चाळीस मिली, एकाला पंचवीस. चालू करण्याआधी सिलिंडर बसवताना बिग एंडवर हाताने ऑइल सोड, पहिल्या मिनिटाला पेट्रोलबरोबरचं ऑइल तिथे पोचलेलं नसतं. फुल थ्रॉटल नको, पण चढाला टॉप गिअरमध्ये ओढतही बसू नकोस, खालचा गिअर टाक. पसरणी घाट आत्ताच नको.

पन्नास किलोमीटर झाले की सगळे नट परत आवळ. आणि वहीत पेन्सिलने ‘आवाज राहिलाच’ लिहिलंय त्याच्याखाली तारीख टाक.